'१५ दिवसांत ५ किलो' छापू नका, प्लीज

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात होतं, दिवाळीत वाढलेलं वजन १५ दिवसांत ५ किलो उतरवा. खाली तक्ता, सकाळी काय, दुपारी काय, आणि लाल रंगात काय काय बंद त्याची यादी. भात बंद, पोळी बंद, केळं बंद, बटाटा बंद, संध्याकाळी सातनंतर सगळंच बंद. पेपर टीपॉयवर पडलेला, मी ओट्याशी होते, आणि माझी मुलगी, यंदा दहावीला आहे, तिने गुपचूप मोबाईल काढून त्या तक्त्याचा फोटो काढला. ते मी पाहिलं आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे, आज सुट्टी मिळाली म्हणून लिहायला बसलेय, लांबलं तर कापा पण मुद्दा ठेवा अशी विनंती.

मी कोणी तज्ज्ञ नाही. डोंबिवलीत राहते, मुंबईत एका बँकेत नोकरी करते, वय ४७, सकाळी आठची लोकल आणि घरी यायला पावणेआठ. पहिलं डाएट केलं ते लग्नाच्या आधी, आणि त्यानंतर मोजली तर मोठी अशी सहासात तरी झाली असतील. एकदा ते सात दिवसांचं फळं, भाज्या, केळी-दूधवालं, एकदा सकाळी लिंबू-मध आणि संध्याकाळी सहानंतर काही नाही, एकदा कीटो, त्यात पनीर खाऊन खाऊन पनीरचा वास नकोसा झाला, एकदा दिवसातून दोनदाच जेवायचं. यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे मला सांगायचं नाहीये. काहींना काही लागू पडतं, आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकांची शुगर दोनदा जेवून आटोक्यात आहे आणि ते खूश आहेत, त्यांनी तसंच चालू ठेवावं. मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल, जे दर वेळी जोरात सुरू करतात आणि काही महिन्यांनी असे दमतात की परत 'डाएट' हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. मुलगी याला बर्नआउट म्हणते, आम्ही दमणूक म्हणतो, आणि ही दमणूक खरी आहे एवढंच मला आधी म्हणायचंय.

शेवटचं मोठं डाएट तीन वर्षांपूर्वीचं. ऑनलाइन कोर्स, तीन महिने, १२ हजार रुपये. कोणाचा होता ते लिहीत नाही, कारण असे शंभर आहेत. दिवसाला ११०० कॅलरी, आणि प्रत्येक ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, मग कोच त्यावर हिरवी खूण नाहीतर लाल फुली देणार, सगळ्यांसमोर. वजन उतरलं, अगदी खोटं कशाला बोलू, ७८ वरून साडे ६९ वर आले. लोकलच्या लेडीज डब्यात बायका हात धरून विचारायच्या, अगं काय केलंस, किती छान बारीक झालीस, मलाही सांग. मी सांगायचे पण. जे सांगत नव्हते ते असं की डब्यातल्या एसीत मी स्वेटर घालून बसते, बाथरूमच्या जाळीत रोज केसांचा गुंता निघतो, दोन महिने पाळी आली नाहीये, काउंटरवरच्या म्हाताऱ्या माणसावर मी आज उगाच ओरडले, आणि रात्री सगळे झोपले की अंथरुणात पडून तासनतास रेसिपीचे व्हिडिओ बघते. मोदक, बिर्याणी, पावभाजी, काहीही. त्या वेळी वाटायचं माझंच डोकं बिघडलंय.

मग होळी आली. घरात पुरणपोळ्या झाल्या, मी एकही खाल्ली नाही, ग्रुपवर काकडी-टोमॅटोचा फोटो टाकला आणि तीन हिरव्या खुणा आल्या. दोन दिवसांनी रात्री साडेअकरा वाजता पाणी प्यायला उठले. फ्रिज उघडला, वरच्या कप्प्यात फॉइलमध्ये चार पोळ्या उरलेल्या, थंडगार, तूप वर पांढरं होऊन गोठलेलं. दिवा लावला नाही, फ्रिजच्याच उजेडात उभ्याने एक खाल्ली, मग दुसरी, मग चव कळेनाशी झाली तरी तिसरी आणि चौथी, मग डब्यातली शेव, मग मुलीचं अर्धं राहिलेलं चॉकलेट. नंतर फॉइलचा बोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात वर नाही टाकला, भाज्यांची सालं हाताने बाजूला सारून तळाशी टाकला, सकाळी सासूबाईंना दिसू नये म्हणून. ओट्यावरचे कण तळहाताने पुसले. त्या रात्रीचं हे सगळं मी बरेच दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदाच लिहितेय, आणि लिहितेय ते एवढ्यासाठी की मला खात्री आहे तुमच्या वाचकांत अशा कित्येक जणी आहेत.

त्यानंतर आठवड्यात दोनदा, मग एक दिवसाआड असं व्हायला लागलं. ग्रुप सोडला. वर्षभरात ७८ तर परत आलंच, वर चार किलो, ८२.

आता यात माझा दोष किती? मी वीस वर्षं हेच धरून चालले होते की सगळा माझाच, जिभेवर ताबा नाही, मनाची ताकद नाही. आपल्याकडे म्हणतातच ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. पण या म्हणीत एक अनुभव आहे असं मला आता वाटतं, उपाशी ठेवलेलं शरीर दुप्पट मागतं. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की हे कित्येक वर्षांपूर्वी मोजूनसुद्धा झालंय. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, ते सगळे स्वतःहून तयार झालेले. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं म्हणून. त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळायच्या. ते पुरुष होते, आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायचे, त्यामुळे त्यांचं आणि माझं तंतोतंत जुळणार नाही हे मला कळतं. पण त्यांचं काय झालं ते ऐका. सतत थंडी वाजायची, चिडचिड, उदास, दिवसभर खाण्याचाच विचार, ताटं चाटायचे, आणि त्यातले काही जण स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी खाणं थांबेना असं कित्येकांचं झालं. मी हे वाचलं तेव्हा ऑफिसच्या लंच टाइममध्ये होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकाची पुस्तकं वाचणारी ती मुलं आणि रात्री रेसिपीचे व्हिडिओ बघणारी मी. माझं डोकं बिघडलं नव्हतं, मी उपाशी होते.

दुसरं, २०१६ मधला एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्याच टीव्हीवरच्या वजन उतरवायच्या एका स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं. १४ पैकी १३ जणांचं वजन परत वाढलेलं, आणि शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा जाळतं ती अपेक्षेपेक्षा दिवसाला जवळजवळ ५०० कॅलरींनी कमी, सहा वर्षांनंतरसुद्धा. म्हणजे शरीराने दुष्काळ आलाय असं समजून खर्च आवळला आणि तो आवळूनच ठेवला. घरखर्चाचं जिला कळतं तिला हे लगेच कळेल, एकदा पगार बंद झालेला अनुभवला की नंतर पैसे आले तरी माणूस आधी बाजूला टाकतो. यात मनाची ताकद कुठे येते सांगा.

आणि अजून एक गोष्ट, आजचं मोडलंच आहे तर आता उद्यापासून. तुमच्या-माझ्या घरात रोज बोललं जाणारं वाक्य. यावरही १९७५ मध्ये एक प्रयोग झालाय, कायम डाएटवर असणाऱ्या मुलींपैकी काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं, तर ज्यांनी मिल्कशेक प्यायला होता त्यांनी न प्यालेल्यांपेक्षा आइस्क्रीम जास्त खाल्लं. ज्या डाएटवर नव्हत्या त्यांनी पोट भरलंय म्हणून कमी खाल्लं. म्हणजे नियम जेवढा कडक तेवढा तो मोडल्यावरचा पूर मोठा. तुमच्या तक्त्यातल्या त्या लाल यादीने हेच होतं, साहेब. संध्याकाळी सव्वासातला एक बिस्किट खाल्लं की 'सातनंतर बंद' मोडलं, आणि मोडलंच तर मग पुडा.

मी यातून बाहेर आले ते आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंमुळे. गेले होते पायाला गोळे येतात म्हणून. त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.६, म्हणजे रक्त कमी, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.३, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. मी म्हटलं, डॉक्टर, आता परत डाएट सुरू करते, लगेच. त्या म्हणाल्या, अजिबात नाही, पहिले तीन महिने वजन कमी करायचं नाही, आहे तिथे थांबवायचं. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. वीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, रात्रीचं सांगितलंत, आता सकाळपासूनचं सांगा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी डब्यात एक पोळी आणि भाजी, मग साडेचारला चहा, मग थेट घरी. त्या म्हणाल्या, तुमचं रात्री अकराला जे होतं ना त्याची सुरुवात सकाळी आठला होते.

त्यांनी तक्ता दिला नाही. एकच काम दिलं, सकाळी पोटभर खाऊन निघायचं. पोहे असले तर त्यात मूठभर मोड आलेली मटकी, नाहीतर दोन अंडी आणि भाकरी, कधी रात्रीचं वरण आणि पोळी. महिनाभर फक्त एवढंच. मग दुसरं, संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून निघताना मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एखादं फळ. हे दुसरं मला सगळ्यात उपयोगी पडलं, आणि ज्या बायका लोकलने लांबून येतात त्यांना मी हात जोडून सांगेन की हे करा. दीडला जेवलेली बाई पावणेआठला घरात पाय ठेवते, सहा तास पोटात काही नाही, आणि आल्या आल्या ओट्याशी उभी राहते, तिथे कणीक मळता मळता फरसाणचा डबा उघडला जातो. पोटात चणे असले की तो डबा दिसतो पण हात जात नाही. एवढा साधा फरक.

आणि तिसरं सासूबाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी नाही. त्या ८१ वर्षांच्या आहेत, फार बोलत नाहीत. एक दिवस म्हणाल्या, अगं, तू पातेल्यातलं खरवडून खातेस, पोरीच्या ताटातलं उरलेलं खातेस, पण स्वतःचं ताट काही वाढून घेत नाहीस, बस बघू माझ्याबरोबर. मी त्या दिवशी खरंच मोजलं. उभ्याने भाताची करपलेली खरड, मुलीने टाकलेला पोळीचा अर्धा तुकडा, वाया जायला नको म्हणून आमटीची शेवटची पळी, ह्यांनी नको म्हटलेला एक पापड. हे सगळं मी जेवणात धरतच नव्हते, आणि ताटात मात्र डाएटचं म्हणून अर्धी पोळी. आपल्या घरांतून बाईने शेवटी जेवायचं आणि उरलेलं संपवायचं हे इतकं मुरलेलं आहे की कुठल्याही डाएटच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. आता मी ताट वाढून बसते, सगळ्यांबरोबर, भाजी जास्त, वरण किंवा उसळ वाटीभर, कोशिंबीर, एक भाकरी किंवा दोन पोळ्या, आणि भात हवा असेल तेव्हा एक मूद, वर तूप. उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये जातं, माझ्या पोटात नाही. साडेसातला आमचे हे कुकर लावून ठेवतात, आधी जमायचं नाही, आता जमतं, आणि त्यामुळे जेवण सव्वाआठला होतं. हे पण लिहायला हवं, कारण घरातल्या पुरुषाने कुकर लावला नाही तर बाईचं कुठलंच डाएट टिकणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चालण्याचं म्हणाल तर स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या लायनीत उभं राहायच्या ऐवजी चालत येते, पंचवीस मिनिटं, पावसाळ्यात सोडून. झोप साडेदहाला. वजनाचा काटा माळ्यावर टाकला, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडेच बघते, घरी शिवणाची टेप घेऊन कंबर मोजते. गणपतीत मोदक खाल्ले, पानात घेऊन, सगळ्यांसमोर, तूप घालून दोन, आणि तिसरा नको वाटला. नको वाटला हे मला नवीन होतं, कारण बंद असलेला पदार्थ मला कधी नको वाटलाच नव्हता.

दीड वर्षात ८२ वरून साडे ७७ वर आलेय. कंबर ९८ सेंटिमीटर होती ती ९१. साखर ५.८, हिमोग्लोबिन ११.९, गोळ्या घेऊन. साडेचार किलो, १८ महिने. अशी बातमी तुम्ही छापणार नाही हे मला माहीत आहे, पण कुठलीच गोष्ट दीड वर्ष टिकलेली नव्हती, ही टिकली, आणि रात्री साडेअकराचं जवळजवळ थांबलंय. कधी होतं, झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे पोहे खाते, शिक्षा म्हणून उपाशी राहत नाही, आणि तेवढ्याने ते तिथेच थांबतं.

थोडंसं उतरलेलं वजन पण पुष्कळ कामाचं असतं हे सुद्धा लोकांना सांगायला हवं. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजनाच्या ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं होतं, त्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आणि त्याहून मला आवडलेला अभ्यास आपल्या देशातला, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला, ५३१ जणांचा. खाण्यात आणि चालण्यात बदल केलेल्या गटात डायबेटिसचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं हललंच नव्हतं! काटा हलला नाही म्हणून रडणाऱ्या प्रत्येकीला हे वाचून दाखवावंसं वाटतं. काटा हलला नाही तरी आत काहीतरी चांगलं चाललेलं असू शकतं.

वजन महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये, माझे गुडघे मला रोज जिना चढताना सांगतात. ज्यांना डॉक्टरांनी कडक पथ्य दिलंय त्यांनी ते पाळावंच, थायरॉईड, किडनी, पीसीओएस प्रत्येकाचं वेगळं असतं. आता ती वजन उतरवायची इंजेक्शनं पण आली आहेत, ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यावीत, पण ती थांबवल्यावर वजन बऱ्यापैकी परत येतं हे सुद्धा अभ्यासात दिसलंय, त्यामुळे ताटाकडे बघण्यातून सुटका कोणालाच नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी या पुरवण्यांत कधी येत नाही. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत वजन जास्त असलेल्या २४ टक्के आहेत आणि रक्त कमी असलेल्या ५७ टक्के. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. म्हणजे वजन जास्त आणि रक्त कमी हे एकाच बाईत असू शकतं, माझ्यात होतंच. अशा बाईला तुम्ही १५ दिवस सूप आणि काकडीवर राहायला सांगता तेव्हा तिचं काय होत असेल याचा विचार करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित आणि १००० कॅलरीच्या खाली जाऊ नका असं आहे. त्या हिशेबाने ५ किलोला १० आठवडे लागतात. तुमच्या पानावर १५ दिवस होते. त्याच सूचनांमध्ये दिवसाचं ताट दिलंय, ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, आणि धान्यंही आहेतच, बंद काहीच नाही. आपलं वरण-भात-भाजी-कोशिंबीर-ताक यात सहज बसतं, फक्त भाजी-डाळीचं माप वाढवायचं आणि भाताचं थोडं उतरवायचं.

आता मुलीचं सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. फोटो काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेरू कापून तिखट-मीठ लावून तिच्या टेबलावर ठेवला. पेरू म्हणजे तिचा जीव, लहानपणी बियांसकट चावून खायची. तिने एक फोड उचलली, तोंडाशी नेली आणि विचारलं, आई, पेरूत किती कॅलरी असतात गं? आणि फोड परत ठेवली. मी काहीच बोलू शकले नाही कारण तो प्रश्न तिने माझ्याकडूनच उचललेला आहे, तिच्या लहानपणभर तिने मला बिस्किटाचा पुडा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचताना बघितलंय, कुठल्याही लग्नातून आल्यावर काट्यावर उभी राहताना बघितलंय. १५ वर्षांची आहे, अजून उंची वाढतेय.

मी तिच्याएवढी असताना दौंडला राहायचो. स्टेशनवर वजनाचं ते मोठं मशीन असायचं, लाल-पिवळे दिवे, फिरणारं चक्र, नाणं टाकलं की खटकन जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. सुट्टीत मामाकडे जाताना एकदा आणि येताना एकदा बाबा आम्हाला त्यावर उभं करायचे, आणि येताना आकडा वाढलेला दिसला की आई खूश व्हायची, म्हणायची मामीने चांगलं खाऊ घातलं पोरांना. ती तिकिटं मी कंपासमध्ये जपून ठेवायचे. वजनाचा आकडा बघून आनंद झालेला मला तेवढाच आठवतो, त्याच्यानंतर नाही.

त्या रात्री मी मुलीच्या शेजारी बसून तिला होळीनंतरच्या रात्रीचं सगळं सांगितलं, फ्रिजचं, फॉइलचं, कचऱ्याच्या डब्याचं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, त्यांच्या वर्गातल्या एकीचं असंच चाललंय, ती डबा खाते आणि मग वॉशरूममध्ये जाऊन उलटी काढते, आणि कोणालाच माहीत नाहीये. मग आम्ही दोघींनी मिळून त्या मुलीच्या आईशी बोलायचं ठरवलं आणि बोललो, पुढचं मी इथे लिहीत नाही. पण अशा मुलामुलींसाठी, आणि मोठ्यांसाठीही, सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, हा नंबर प्रत्येक डाएटच्या लेखाखाली चौकटीत छापा. यासाठी तुम्हाला एक पैसा खर्च नाही.

आणि बाकी माझं मागणं एवढंच की दिवस आणि किलो एकाच मथळ्यात घालू नका. आधी-नंतरचे फोटो छापायचेच असतील तर तीन वर्षांनंतरचा तिसरा फोटोही मागा त्यांच्याकडे. एखाद्या सरकारी हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंना दर पंधरवड्याला अर्धं पान द्या, त्या पोषण संस्थेच्या सूचना सोप्या मराठीत, ज्वारी-बाजरी-नाचणीच्या, मटकी-चवळीच्या भाषेत लिहायला सांगा, मासे खाणाऱ्यांना बांगड्याचं सांगा, रात्रपाळी करणाऱ्यांना, लोकलने दोन तास येणाऱ्यांना, शेतात सकाळी भाकरी बांधून जाणाऱ्यांना वेगवेगळं काय जमेल ते सांगा. मला बोलवलंत तर मीही माझी दीड वर्षाची वही घेऊन येईन, त्यात वजनाचे आकडे अठराच आहेत, बाकी सगळं काय शिजवलं आणि कोणी कोणी बसून खाल्लं ते आहे.

तो फोटो मुलीने डिलीट केला की नाही मी विचारलेलं नाही. काल रात्री मात्र तिने स्वतःहून भात मागितला, वर तूप घे म्हटलं तर घेतलं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
डोंबिवली